वळणाबरोबर वळणारे दिवे

मोटारीच्या पुढच्या दिव्याकडून आपण दोन परस्परविरोधी गोष्टींची अपेक्षा करीत असतो. चालविणाऱ्याला रस्ता लांबवर स्वच्छ दिसावा ही पहिली. आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत ही दुसरी. पहिलीसाठी प्रकाश भरपूर व दूरवर जाणारा हवा, तर दुसरीसाठी तो बेताचा आणि जमिनीकडे दबलेला हवा. आपल्याकडे एके काळी ही तडजोड फार सोप्या उपायाने करीत असत. दिव्याच्या काचेच्या वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग फासावा, किंवा काचेच्या मधोमध एक मोठे काळे गंध लावावे, की झाले! त्या गंधामुळे मोटारींना थोडी सात्त्विक कळा येत असे, आणि प्रकाशही काहीसा कमी होत असे. आज ज्या दिव्यांविषयी बोलायचे आहे, त्यांनी हीच तडजोड विजेच्या, यंत्रांच्या आणि गणिताच्या साहाय्याने करण्याचा प्रयत्न केला. तो बराचसा साधलाही. परंतु हे दिवे बिघडतात तेव्हा त्यांचा बिघाड मोठ्या चमत्कारिक रीतीने प्रकट होतो. तो कसा, हे समजण्यासाठी आधी दिव्याच्या पोटात शिरले पाहिजे.

या दिव्यांना झेनॉन दिवे म्हणतात. झेनॉन हा हवेतलाच एक वायू; पण तो इतका विरळ, की हवेच्या सुमारे एक कोटी पंधरा लाख भागांत त्याचा एक भाग सापडतो. विल्यम रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स या शास्त्रज्ञांनी १८९८ साली लंडनमध्ये तो शोधून काढला आणि ग्रीक भाषेतील ‘परका’ या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव ठेवले. नेहमीच्या हॅलोजन दिव्यात टंगस्टनची तार तापून पांढरी होते व प्रकाश देते. झेनॉन दिव्यात तारच नसते. क्वार्ट्झच्या एका इवल्याशा कुपीत जेमतेम चार मिलिमीटर अंतरावर दोन टोके समोरासमोर ठेवलेली असतात. दिवा लावताच त्या टोकांमध्ये वीस हजार व्होल्टहून अधिक दाबाचा धक्का दिला जातो, ठिणगी पडते, झेनॉन उजळतो, आणि त्या उष्णतेने कुपीतले धातूंचे क्षार वाफ होऊन काही क्षणांत प्रकाशाला पूर्ण तेज येते. मग तो विजेचा कंस थोड्याशा विजेवर स्थिर जळत राहतो. हा सारा खटाटोप सांभाळणाऱ्या पेटीला बॅलास्ट म्हणतात. पंचावन्न वॅटचा हॅलोजन दिवा हजार ते दीड हजार ल्यूमेन प्रकाश देतो. पस्तीस वॅटचा झेनॉन दिवा सुमारे बत्तीसशे ल्यूमेन देतो. म्हणजे वीज कमी आणि उजेड दुप्पट. विकण्यासाठी तयार होणाऱ्या मोटारीत असा दिवा प्रथम १९९१ साली, बीएमडब्ल्यूच्या सातव्या मालिकेतील मोटारीत आला.

दुप्पट उजेड म्हणजे समोरच्याला दिपविण्याची दुप्पट शक्ती, हे युरोपातील नियमकर्त्यांच्या ध्यानात आले होते. म्हणून त्यांनी अट घातली, की दोन हजार ल्यूमेनच्या वरचा दिवा आखूड झोतासाठी वापरायचा असेल, तर त्याची पातळी आपोआप राखणारी यंत्रणा आणि त्याची काच धुणारी यंत्रणा मोटारीत असलीच पाहिजे. या दोन अटी पुढे ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत, कारण रात्रीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ त्यांच्यापाशीच सापडते.

आता वळण्याची गोष्ट. सरळ जाणारा दिवा वळणावर आपला उजेड रस्त्याऐवजी शेजारच्या शेतात टाकतो, हा अनुभव जुनाच आहे. १९४८ साली अमेरिकेत टकर नावाची जी मोटार निघाली, तिच्या कपाळावर मधोमध एक तिसरा दिवा होता आणि तो स्टेअरिंगबरोबर वळत असे. फ्रान्समधल्या सिट्रोएन कंपनीने १९६७ साली आपल्या डी. एस. मोटारीचे आतले दोन दिवे स्टेअरिंगला जोडले, आणि गाडी पुढेमागे झुकली तरी झोताची पातळी ढळू नये अशीही सोय केली. अमेरिकेतल्या नियमांत मात्र असे वळते दिवे बसत नसल्यामुळे त्या देशात ही मोटार स्थिर दिव्यांनिशीच गेली. पुढे पस्तीसेक वर्षे ही कल्पना बहुतांशी पडून होती. २००३ च्या सुमारास युरोपात ती पुन्हा वर आली, आणि या वेळी तिच्यामागे संगणक होता. स्टेअरिंग किती फिरले, वेग किती आहे, गाडी स्वतःभोवती किती वळते आहे, हे पाहून छोट्या मोटारी दिव्याचे भिंग उजवीडावीकडे साधारणपणे पंधरा अंशांपर्यंत फिरवितात. या दिव्यांना परिस्थितीप्रमाणे बदलणारे, म्हणजे ‘अडॅप्टिव्ह’ दिवे म्हणतात. असा दिवा लावला की सुरुवातीला झोत आधी खाली जातो, मग वर येतो, डावीउजवीकडे मान वळवून पाहतो आणि मग स्थिर होतो. गाडी भिंतीसमोर उभी असेल तर हे नाटक मोठे पाहण्यासारखे असते.

परंतु या सगळ्या चतुराईचा आधार काय? आधार आहे गाडीच्या पोटाखाली, चाकांच्या आसाजवळ बसविलेली, वीतभर लांबीची एक साधी दांडी. गाडीच्या मागच्या भागात पाच-पंचवीस किलोंच्या चार पेट्या ठेवल्या, की मागचा भाग दबतो आणि नाक वर उचलले जाते. नाकाबरोबर दिवेही आकाशाकडे पाहू लागतात. मागचा सांगाडा आसाच्या किती जवळ आला हे ही दांडी सेन्सरला सांगते, सेन्सर संगणकाला सांगतो, आणि संगणक दिवे तेवढेच खाली करतो. ही दांडी आमच्या रस्त्यांवरचा चिखल, खडी आणि चार महिन्यांचा पाऊस खात असते. तिचे सांधे गंजतात. कधी ती तुटते. कधी तिचा सेन्सर एकाच जागी घट्ट धरून बसतो.

दांडी साफ तुटली आणि सेन्सर काही अशक्य आकडा सांगू लागला, तर ते एका परीने बरे. अनेक मोटारींतला संगणक अशा वेळी आपली शंका ओळखतो, दिवे अगदी खालच्या पातळीला नेऊन ठेवतो आणि चालकासमोर इशाऱ्याचा दिवा लावतो. चालकाला एकाएकी जेमतेम वीस-तीस मीटर रस्ता दिसू लागतो. तो घाबरतो, चिडतो, खर्चाचा अंदाज करतो; पण बिघाड झाला आहे हे त्याला कळते तरी. खरा धोका गंजून जाम झालेल्या सेन्सरचा आहे. तो जो आकडा सांगतो तो अशक्य नसतो, फक्त जुना असतो. गाडी रिकामी असताना तो जाम झाला, तर दिवाळीच्या सुट्टीत पाच माणसे आणि सामान भरून गाडी निघाली तरी तो ‘गाडी रिकामी आहे’ असेच सांगत राहतो. दिवे वर उचललेले राहतात. इशारा काही लागत नाही. आणि चालकाला काय वाटते? त्याला वाटते, आज दिवे फारच छान लागले आहेत! रस्ता नेहमीपेक्षा लांबवर दिसतो आहे, दूरच्या झाडांच्या फांद्याही उजळल्या आहेत. इतर कोणताही बिघाड मालकाला त्रास देतो. हा बिघाड मालकाला सुख देतो आणि त्याची किंमत समोरून येणाऱ्या परक्या माणसाकडून वसूल करतो.

वर उचललेले म्हणजे किती, हेही पाहण्यासारखे आहे. दिवा जमिनीपासून पासष्ट सेंटिमीटर उंचीवर आहे आणि आखूड झोताची वरची कड शंभराला एक या प्रमाणात खाली झुकलेली आहे असे धरू. म्हणजे दर दहा मीटरला ती दहा सेंटिमीटर उतरते आणि पासष्ट मीटरवर जमिनीला टेकते. आता हा दिवा फक्त एका अंशाने वर झाला. एक अंश म्हणजे घड्याळातल्या दोन मिनिटांमधल्या अंतराचा सहावा भाग. नुसत्या डोळ्यांना तो दिव्याकडे पाहून कळणारही नाही. पण पन्नास मीटर अंतरावर तो झोताची कड सत्त्याऐंशी सेंटिमीटरने वर नेतो. शंभर मीटरवर ती कड जमिनीपासून सुमारे एक मीटर चाळीस सेंटिमीटर उंचीवर असते, म्हणजे समोरच्या मोटारीतील माणसाच्या डोळ्यांच्याही वर. आखूड झोत लावूनही आपण त्याच्या तोंडावर लांब झोतच मारीत असतो.

अशा मोटारीच्या मालकाची एक ठरावीक तक्रार असते. ‘समोरचे सगळे मला डिपर का देतात?’ तो मग आपला दिवा आखूडच आहे हे सिद्ध करण्यासाठी क्षणभर लांब झोत मारून दाखवितो, आणि दोन अनोळखी माणसांचे भांडण एकही शब्द न बोलता पुरे होते.

सेन्सर ठणठणीत असला तरी या यंत्रणेला एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे पुढचा रस्ता. गाडी रस्त्याच्या मानाने किती झुकली आहे एवढेच तिला ठाऊक असते. रस्ता स्वतः वर चढतो आहे की खाली उतरतो आहे, हे तिच्या गावीही नसते. चढावाच्या माथ्यावर येणारी गाडी पलीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांत थेट प्रकाश ओतते, आणि खोलगट भागात उतरताना तिचा झोत समोरच्या चढाला आपटून आखूड पडतो. गतिरोधकावर पुढची चाके चढली की दिवे क्षणभर वर जातात. झपाट्याने काम करणारी यंत्रणा असली तरी तिला सावरायला क्षण लागतो. समोरच्याला तो क्षण डिपर दिल्यासारखा भासतो. तो समजतो, आपल्याला वाट दिली. आणि गाडी पुढे काढतो. दर दोन फर्लांगांवर गतिरोधक असलेल्या रस्त्यांचा विचार ही यंत्रणा आखणाऱ्यांनी केला असेल असे मला वाटत नाही. घाटातही तीच गत. स्टेअरिंग फिरल्यानंतर दिवा फिरतो, आधी नाही. आणि जेथे रस्ता पूर्ण उलटा फिरतो तेथे पंधरा अंशांचे वळण कितीसे पुरणार? लांबरुंद वळणे असलेल्या महामार्गावर हे दिवे जे सुख देतात, ते आंबोलीच्या किंवा कसाऱ्याच्या आवळ वळणांवर अर्धेच हाती लागते.

आता चालकाच्या बाजूने पाहू. झेनॉन दिव्याच्या झोताची वरची कड सुरीने कापल्यासारखी असते. तिच्याखाली लख्ख उजेड, तिच्यावर काळाकुट्ट अंधार. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात म्हणून डाव्या बाजूला ती कड थोडी वर चढवलेली असते. त्यामुळे कडेने चालणारा माणूस जरा आधी दिसतो. उजवीकडचा माणूस मात्र आधी फक्त पावलांनी दिसतो, मग गुडघ्यांनी, आणि पुरता दिसेपर्यंत आपण त्याच्यापाशी पोहोचलेलो असतो. गाडीच्या नाकापुढचा वीस-पंचवीस मीटरचा रस्ता इतका उजळून निघतो, की डोळा त्या उजेडाला सरावतो आणि त्यापलीकडच्या अंधुक वस्तू टिपण्याची त्याची शक्ती उणावते. माणसाला मात्र आपल्याला सगळे दिसते आहे अशी खात्री वाटू लागते, आणि पाय वेगावर जरा जास्त दाबला जातो.

हिशेब करून पाहावा. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने मोटार एका सेकंदात बावीस मीटर जाते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेहेतीस मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागून गाडी थांबायला आणखी चाळीस मीटर लागतात. एकूण त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर मीटर झाले; आणि आपल्या आखूड झोताची कड पासष्ट मीटरवरच संपलेली आहे. ताशी साठ किलोमीटरला हेच अंतर पन्नास मीटरच्या आत येते. म्हणजे दिवा कितीही भारी असो, आखूड झोतावर ताशी ऐंशीने जाणारा माणूस आपल्या उजेडाच्या पुढे धावत असतो. ऊसतोडणीच्या हंगामात साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर मागे दिवा नसलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरमागच्या जोडगाड्या रात्रभर चालू असतात. त्यांच्या बाबतीत हे आठ-दहा मीटर म्हणजे केवळ कागदावरचे अंतर नसते.

डोळ्यांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण अखेर दिवा डोळ्यांसाठी असतो. प्रखर प्रकाश डोळ्यांत शिरला की तो डोळ्यातल्या भिंगात थोडा विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर एक धूसर पडदा पसरतो. त्या पडद्यामागे मंद वस्तू नाहीशा होतात. दिपलेला डोळा सावरायला काही सेकंद लागतात. ताशी साठच्या वेगाने तीन सेकंद म्हणजे पन्नास मीटरचा आंधळा प्रवास. वय वाढेल तसे भिंग पिवळट व गढूळ होते; विशीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर जितका प्रकाश पोहोचतो, त्याच्या ढोबळमानाने एक तृतीयांशच साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर पोहोचतो. म्हणजे वृद्धाला उजेड अधिक हवा, आणि त्याला दिपणेही अधिक होते. झेनॉनचा निळसर पांढरा प्रकाश हॅलोजनच्या पिवळसर प्रकाशापेक्षा डोळ्यांना अधिक टोचतो, ही तक्रारही काल्पनिक नव्हे. तेज सारखे असले तरी निळसर प्रकाश अधिक असह्य वाटतो, असे प्रयोगांत आढळले आहे. मात्र पिवळा प्रकाश धुके भेदून जातो ही समजूत खरी नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींच्या मानाने इतके मोठे असतात, की ते सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. दिल्ली-ग्वाल्हेरकडच्या श्रोत्यांना पौष-माघातल्या पहाटे जो पांढरा भिंतीसारखा पडदा दिसतो, तो दिव्याच्या रंगामुळे नसून झोताच्या उंचीमुळे असतो. तेथे लांब झोत लावणे म्हणजे त्या भिंतीला अधिक चुना लावणे.

दिवा म्हातारा होतो तो हळूहळू. झेनॉन कुपीतले क्षार बदलत जातात, उजेड घटतो आणि त्याला निळी-जांभळी किंवा गुलाबी छटा येते. अखेरच्या दिवसांत चालता चालता तो विझतो, पुन्हा पेटतो, पुन्हा विझतो. एकच कुपी बदलली तर दोन डोळ्यांचे दोन रंग होतात, म्हणून जोडी बदलणे बरे. बॅलास्टमधल्या विजेचा दाब जीवघेणा ठरू शकतो; तो घरी उघडून पाहण्याचा जिन्नस नव्हे. बाहेरची काच आजकाल काचेची नसते, पॉलिकार्बोनेटची असते; ऊन खाऊन ती पिवळी व धुरकट होते आणि मग सुरीसारखी कापलेली ती कड विस्कटून उजेड वरही पसरू लागतो. काच धुणारी फवारणी बंद पडली तर पुष्कळ मालक ती दुरुस्त करीत नाहीत, कारण तिचा उपयोग त्यांना कळलेला नसतो. चिखलाचा पातळ थरदेखील प्रकाश असाच विखुरतो.

आणि एक प्रकार मात्र सरळ निषेधार्हच म्हटला पाहिजे. हॅलोजनसाठी बनविलेल्या साध्या दिव्यात बाजारात मिळणारी झेनॉनची तयार जोडणी बसविणे, हा तो प्रकार. त्या दिव्याचा परावर्तक एका विशिष्ट जागी असलेल्या विशिष्ट आकाराच्या तारेसाठी घडविलेला असतो. तेथे वेगळ्या आकाराचा, दुप्पट तेजाचा कंस ठेवला की प्रकाश वाटेल तिकडे फाकतो. अशा गाडीत पातळी राखणारी यंत्रणा नाही, काच धुणारी नाही. ज्या दोन अटींवर हा दिवा युरोपात रस्त्यावर येऊ दिला, त्या दोन्ही येथे गाळलेल्या असतात. मोटारीच्या मूळ रचनेत असा मनमानी फेरफार करण्यास १९८८ चा मोटार वाहन कायदा आडवा येतो आणि पुढचा दिवा कोणाला दिपविणार नाही असा खाली वळविलेला असावा असे १९८९ चे केंद्रीय नियम सांगतात. पण दिवा बसवून देणारा दुकानदार गाडीच्या मागे उभा राहून ‘बघा साहेब, कसा उजेड पडला!’ म्हणतो, आणि साहेबही गाडीच्या मागूनच पाहतात.

दिवे गाडीच्या पुढून तपासले पाहिजेत. त्यासाठी फार साधने लागत नाहीत. सपाट जमिनीवर, भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करावी. चाकांतली हवा बरोबर असावी. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तितक्याच उंचीवर भिंतीवर खडूने रेघ काढावी. आखूड झोताची सपाट कड त्या रेघेच्या सुमारे दहा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. नेमका आकडा बहुधा दिव्याच्या वेष्टनावरच छापलेला असतो. मग दोन जाड माणसांना मागे बसवावे. यंत्रणा जिवंत असेल तर कड थोडी हलून पुन्हा जागेवर येईल; ती वर चढून तेथेच राहिली, तर आसाजवळची ती दांडी गंजली आहे असे समजावे. सांगाडा, स्प्रिंग किंवा आस यांचे काम करून गाडी परत आली असेल तर ही परीक्षा अवश्य घ्यावी. कारण अशा कामानंतर आधी सेन्सरचा शून्यबिंदू संगणकाला नव्याने शिकवायचा असतो आणि मग स्क्रूने दिवा जुळवायचा असतो. घाईतला मेकॅनिक पहिले काम गाळून नुसता स्क्रू फिरवितो. दिवा त्या घटकेपुरता जुळतो. पण संगणकाच्या मनातली पातळी चुकीचीच राहते.

झेनॉनचा काळ आता उतरणीला लागला आहे. नव्या मोटारींत एल. ई. डी. दिवे आले आहेत आणि समोरची गाडी कॅमेऱ्याने ओळखून झोताचा तेवढाच तुकडा विझविणारे दिवेही युरोपात २०१३ पासून रस्त्यावर आहेत. अमेरिकेने त्यांना २०२२ साली परवानगी दिली. हे कॅमेरे प्रामुख्याने समोरच्याचे दिवे पाहून त्याला ओळखतात. ज्याच्याजवळ दिवाच नाही, अशा सायकलस्वाराला किंवा बैलगाडीवाल्याला ते किती सांभाळून घेतील, हा प्रश्न आपल्या रस्त्यांवर यायचाच आहे. दरम्यान झेनॉनच्या हजारो गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती गेल्या आहेत, ज्यांच्या गंजलेल्या दांड्यांचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. भिंत, खडू आणि मागे बसणारी दोन माणसे मात्र सगळीकडे मिळतात.